वाचक विचारतात : ‘वारा’ अक्षराची कंबर आणि इतर शंका

चिनी आणि जपानी सुलेखनातला वारा, पाऊस, ढग, बर्फ याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी ‘अमुक अक्षर कशाचं प्रतीक?’ असं विचारलं होतं. त्याचं उत्तर दिलं आहेच, पण या कलेत हवामान अर्थापेक्षा रेघेच्या चालीत, शाईच्या दाटपणात आणि लेखन कोणत्या ऋतूत टांगायचं यात जास्त असतं. त्यामुळे काही उत्तरं प्रश्नापेक्षा लांबली आहेत.

कुंचल्याने ‘वारा’ हे अक्षर गिरवतो आहे, पण दर वेळी खिडकीची चौकट काढल्यासारखं दिसतं. नेमकं कुठे चुकतं? (पुणे)

दुसऱ्या फटकाऱ्यात. चिनीत ‘फंग’ आणि जपानीत ‘काझे’ किंवा ‘फू’ म्हटल्या जाणाऱ्या या अक्षराचे (風) नऊ फटकारे आहेत. पहिला वरून निघून खाली डावीकडे झुकतो. दुसरा पहिल्याच्या डोक्यापासून सुरू होतो, उजवीकडे किंचित चढत जातो, कोपऱ्यावर वळून खाली उतरतो आणि शेवटी वर उचललेल्या आकड्यात संपतो. हे सगळं कुंचला न उचलता. तिसरी चौकटीच्या आत, वरच्या बाजूला, एक आखूड तिरपी रेघ. उरलेले सहा फटकारे ‘किडा’ या अक्षराचे: तीन फटकाऱ्यांची चपटी पेटी, तिच्या मधून उतरणारी उभी रेघ, पायाशी उजवीकडे चढत जाणारी रेघ आणि शेवटचं टिंब.

तुमचा दुसरा फटकारा कोपऱ्यावरून ओळंब्याने सोडल्यासारखा सरळ खाली येत असणार. तो आधी किंचित आत, म्हणजे डावीकडे दबायला हवा आणि निम्मी उंची उतरल्यावर बाहेर, उजवीकडे झुकायला हवा. ही झाली अक्षराची कंबर. कोपऱ्यावर क्षणभर थांबून दाब द्या, कंबरेशी दाब निम्म्यावर आणा, खाली येताना पुन्हा वाढवा. आकडा मारण्याआधी थांबा, केसांचं टोक एकत्र येऊ द्या आणि मगच वर उचला. घाईने उचललंत तर टोक फाटतं आणि आकड्याच्या जागी झाडूचा फराटा उमटतो. डावा पाय उजव्यापेक्षा थोडा वर संपवा, कारण दोन्ही पाय एका पातळीवर आले की पुन्हा खिडकीच दिसते.

किड्याकडेही लक्ष द्या. नवशिक्यांच्या हातून तो फुगतो आणि दोन्ही भिंतींना टेकतो. तो वरच्या भागात बसवा आणि खाली जागा मोकळी सोडा. आठवडाभर जुन्या वर्तमानपत्रावर फक्त दुसरा फटकारा गिरवा, पूर्ण अक्षराला हात लावू नका. आणि वारा म्हणून भरभर लिहायचं हा समज सोडा, नियमित लिपीत, म्हणजे प्रत्येक फटकारा सुटा काढायच्या वळणात, हे अक्षर सावकाशच लिहितात.

त्यात किडा का आहे? (सांगली)

इसवी सन 100 च्या सुमाराचा शू शेनचा कोश सांगतो की वारा सुटला की किडे जन्मतात. पण त्याहून हजार-बाराशे वर्षं जुन्या, हाडांवर कोरलेल्या लेखांत वाऱ्यासाठी एका तुरेवाल्या दैवी पक्ष्याचं अक्षर उसनं घेतलेलं दिसतं. किडा मागाहून आला आणि त्याची कारणमीमांसा त्याच्याही नंतर. आजच्या चीनमधल्या सुलभ लिपीत त्याची हकालपट्टी झाली असून चौकटीत फक्त एक फुली उरली आहे.

नव्या दुकानासाठी मित्राला ‘वारा’ लिहिलेली चौकट भेट द्यायची आहे. शुभ मानतात ना? (नाशिक)

एकटं अक्षर देऊ नका. ते अशुभ नाही, पण फार पसरट आहे. वाऱ्याखेरीज चालीरीत, ढब, ऐट, लोकगीतं इतकं सगळं त्यात येतं. चीनच्या सर्वात जुन्या काव्यसंग्रहातल्या 305 रचनांपैकी 160 रचना ‘राज्यांचे वारे’ या भागात आहेत, म्हणजे त्या त्या मुलखातली गाणी. आजारपणही त्यात आहे. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तसंच चिनी वैद्यक पक्षाघाताला ‘वाऱ्याचा मार’ म्हणतं. तेव्हा आजारी माणसाच्या खोलीत हे अक्षर नकोच.

दुकानासाठी चार अक्षरांचं ‘यी फान फंग शुन’ मागा: पूर्ण शीड आणि अनुकूल वारा. नवा धंदा, प्रवास, परदेशी शिक्षण, अशा वेळी चिनी घरांत हीच शुभेच्छा देतात. जपानी हवं असेल तर ‘जुन्पू मान्पान’. शेतीशी नातं असलेल्या घराला ‘फंग त्याव यू शुन’ शोभेल: वारा बेताचा, पाऊस वेळेवर. चिनी देवळांत या चार अक्षरांना ‘देश शांत, प्रजा सुखी’ ही आणखी चार अक्षरं जोडतात. प्रवेशदालनातल्या चार दिक्पाल राजांच्या हातातल्या तलवार, वीणा, छत्री आणि नाग या वस्तूंचा अर्थही तिथे याच चार अक्षरांशी लावतात.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. ‘वारा’ अक्षराचा आकड्याचा लांब पाय उजवीकडे हवा. डावीकडे असेल तर छपाई उलटी झाली आहे. सही आणि लाल शिक्का डाव्या कडेला, सहसा खालच्या बाजूला असतो. सहीसकट तो उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दिसला तर बहुधा चौकट उफराटी टांगली आहे. आडव्या पाटीवर जुन्या पद्धतीत अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची, त्यामुळे ‘शुन’ डाव्या टोकाला दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

शिक्षक म्हणतात, उभी रेघ ‘गळक्या छताच्या ओघळासारखी’ हवी. म्हणजे थरथरती काढायची का? (ठाणे)

नाही. थरथर हीच त्यातली सर्वात मोठी चूक. हा शब्दप्रयोग आठव्या शतकातल्या दोन सुलेखनकारांच्या संवादातून आला आहे आणि तो संवाद चहावरच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध असलेल्या लू यू याने नोंदवला. भिक्षू ह्वाइसू म्हणाला की उन्हाळी ढगांची नाना शिखरं बघून मी शिकतो, भिंतीच्या तड्यांकडेही बघतो. यान झेनछिंगने विचारलं, गळक्या छताचा ओघळ कसा वाटतो? त्यावर ह्वाइसूने उठून त्याचा हात धरला.

मातीच्या भिंतीवरून उतरणारं पाणी बघा. थेंब एका दमात खाली येत नाही. थोडा उतरतो, अडतो, मागून पाणी येऊन भरतो, जड झाला की पुन्हा सरकतो. कडा जराशा असमान राहतात, पण ओघ तुटत नाही. कुंचल्याने हे साधायचं तर दांडा कागदाला काटकोनात धरा आणि केसांचं टोक रेघेच्या बरोबर मध्यातून चालू द्या. 20 सेंटिमीटरच्या उभ्या रेघेत तीन-चार ठिकाणी गती मंदावू द्या. पूर्ण थांबू नका, नाहीतर तिथे शाई फुटून गाठ येते. मनगट हलवू नका, हात खांद्यापासून खाली आणा. कागद खालून हाताला विरोध करतो आहे असं जाणवलं पाहिजे. रेघ नुसती घसरत गेली तर दाब कमी पडला किंवा शाई जास्त झाली.

पारख सोपी आहे. वाळलेला कागद उजेडासमोर धरा. टोक मध्यातून गेलं असेल तर रेघेच्या पोटात गडद धागा दिसतो. दहाव्या शतकातल्या शू श्वानच्या अक्षरांत असा धागा दिसत असे, ही नोंद पुढच्या शतकातल्या शन क्वोने केली आहे. गडदपणा एका कडेला असेल तर तुमचा दांडा कललेला होता.

आडव्या रेघेची उपमा ढगांची आहे: हजार कोस पसरलेला ढगांचा थर, पुसट, तरीही आकार असलेला. चौथ्या शतकातल्या वेई शुओ या सुलेखनकर्तीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लेखात ती येते. त्याच लेखात शेवटी पसरत जाणाऱ्या फटकाऱ्याला कोसळत्या लाटेची आणि धावत्या गडगडाटाची उपमा आहे. या उपमांचा मनात घोळ घालू नका, त्या सरळ हाताच्या सूचना आहेत. ढग म्हणजे दोन्ही टोकांना वजन आणि मधे हलका हात. गडगडाट म्हणजे दाब वाढवत नेऊन अखेरीस एकदम सोडणं.

रेघेत पांढऱ्या चिरा पडतात. हा दोष की लोक वाखाणतात ती ‘वाऱ्याची’ रेघ? (नागपूर)

दोन्ही शक्य आहे. चिनीत तिला ‘फेइबाइ’ म्हणजे उडतं पांढरं म्हणतात, जपानीत ‘हिहाकू’. नुसत्या कोरडेपणाला ‘कासुरे’. दुसऱ्या शतकातल्या त्साय युंगला ती गवंड्यांच्या चुन्याच्या ब्रशवरून सुचली अशी आख्यायिका आहे. चिरा चालीच्या दिशेने समांतर असतील, दोन्ही कडा टिकल्या असतील आणि त्या रेघेच्या उत्तरार्धात आल्या असतील तर ठेवा. एकाच कडेला असतील तर कुंचला कललेला. सुरुवातीलाच असतील तर शाई संपलेली. मुद्दाम आणायच्या तर कुंचला पूर्ण भिजवून सहाणेच्या काठावर दोन्ही बाजूंनी निथळा, शाई दाट ठेवा आणि मधल्या टप्प्यात दाब तसाच ठेवून वेग वाढवा. दाब कमी करून आणलेल्या चिरा मरगळलेल्या दिसतात.

पावसाळ्यात कागदावर शाई इतकी फुटते की अक्षर वाचता येत नाही. चार महिने सराव बंद ठेवायचा का? (रत्नागिरी)

बंद ठेवायची गरज नाही, सामान सांभाळायची आहे. आधी कागद. फुटणारा कागद म्हणजे लुगदीत किंवा वरून खळ न दिलेला. तो दमट हवेत आधीच पाणी पिऊन बसतो, मग शाईतलं पाणी आडवं धावतं. उलट, सरस आणि तुरटी दिलेल्या कागदावर एरवी शाई फुटत नाही, पण तो सादळला की खळ जागोजागी निकामी होते आणि मधेच कुठेतरी डाग पसरतो. अशा कागदाला जपानी लोक ‘सर्दी झाली’ म्हणतात, आणि सर्दीचा त्यांचा शब्द ‘काझे’च, लिहिताना ‘वारा’ आणि ‘बाधा’ अशी दोन अक्षरं. झालेली सर्दी बरी होत नाही, ते ताव सरावाला वापरून टाका.

नवे ताव वीस-वीसच्या गठ्ठ्यांत, सिलिका जेलची पुडी घालून, बंद पिशवीत ठेवा आणि लागेल तसा एकेक काढा. लिहिण्याआधी कोपऱ्यात एक टिंब द्या. ओल कडेपासून दोन मिलिमीटरच्या पुढे गेली तर त्या दिवशी बारीक अक्षरं सोडून मोठी लिहा.

मग शाई. पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी घ्या आणि एरवी दहा मिनिटं उगाळत असाल तर पंधरा-वीस मिनिटं उगाळा. दाट शाई कमी फुटते. कांडी दाबून रगडू नका, भरड कण सुटतात. उरलेली शाई दुसऱ्या दिवशी वापरू नका. शाईची कांडी म्हणजे काजळी आणि जनावराचा सरस. कोकणातल्या ऑगस्टात ओला सरस रात्रीत कुजतो, वास मारतो आणि काजळी धरून ठेवत नाही. याच कारणाने जपानच्या नारा शहरातले कारागीर कांड्या साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच बनवतात आणि त्या चटकन वाळून तडकू नयेत म्हणून आधी राखेत पुरून ठेवतात. तुम्हीही उगाळून झाल्यावर कांडी टिपून सावलीत उभी ठेवा. ऊन नको, पंख्याखालीही नको.

कुंचला पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, टोक जुळवून खाली टोक करून टांगा. बुडाशी शाई राहिली तर तिथेच बुरशी धरते आणि केस मुळापासून गळतात. बांबूच्या टोपणात घालून ठेवण्याची सवय पावसाळ्यापुरती तरी सोडा.

हवामान खरोखर ‘दिसतं’ अशी जुनी लेखनं कोणती? (मुंबई)

आमच्या मते पहिलं नाव चिनी कवी सू शीचं. 1082 साली ह्वांगचौला हद्दपारीत असताना त्याने थंड अन्नाच्या सणावर दोन कविता लिहिल्या. त्या काळात चूल पेटवायची नसते. पाऊस थांबत नाही, नदी दारात येऊ बघते आहे, घर मासेमाराच्या होडीएवढं, फुटक्या चुलीत ओले बोरू जळत आहेत. सुरुवातीची अक्षरं लहान आणि आवरलेली. दुसऱ्या कवितेत ती फुगतात, शाई जड होते. ‘बोरू’ आणि ‘कागद’ या अक्षरांची शेवटची उभी रेघ खाली इतकी ताणली आहे की पुढच्या अक्षरासाठी जागाच उरत नाही. पावसाचं चित्र कुठेही नाही, पण ओल प्रत्येक ओळीत आहे.

वांग शीझीचं ‘बर्फानंतरची उघडीप’ याच्या उलट स्वभावाचं. चौथ्या शतकातलं हे 28 अक्षरांचं साधं पत्र: बर्फ पडून गेला, आता छान उघडलं आहे, तुम्ही बरे असाल. हात निवांत, टोकं गोलसर, कुठेही झटका नाही. आज आहे ती थांग राजवटीच्या काळातली (सातवं ते दहावं शतक) हुबेहूब नक्कल मानतात. अठराव्या शतकातल्या छ्येनलोंग बादशहाने तिच्याभोवती शिक्के आणि शेरे इतके भरले की बर्फाची मोकळी जागा बुजली, असं आमचं स्पष्ट मत. हे पत्र, सू शीच्या कविता आणि ह्वाइसूचं 777 सालचं ‘आत्मवृत्त’ ही तिन्ही तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहेत. ह्वाइसूच्या लेखात त्याच्या हाताला वळिवाची आणि वावटळीची उपमा देणाऱ्या ओळी त्यानेच उतरवून घेतल्या आहेत, आणि शेवटाकडे अक्षरं अचानक कित्येक पट मोठी होतात.

जपानमध्ये कूकाई (774–835) या भिक्षूचं ‘फूशिनजो’ बघा. साइचो या दुसऱ्या भिक्षूला लिहिलेल्या पत्राची सुरुवातच ‘वाऱ्याचा सांगावा, ढगांचं पत्र आकाशातून उतरलं’ अशी. ते उघडून वाचताना धुकं सरल्यासारखं वाटलं, असं तो पुढे म्हणतो. पहिल्या दोन अक्षरांवरून गुंडाळीला हे नाव पडलं. ती क्योतोच्या तोजी मंदिरात असून जपानची राष्ट्रीय संपत्ती आहे.

जपानमध्ये थडग्यांमागच्या लाकडी फळ्यांवर आपल्या अक्षरांसारखी अक्षरं दिसली. त्यांचा वाऱ्याशी संबंध आहे असं वाटाड्या म्हणाला. खरं आहे? (औरंगाबाद)

खरं आहे. ती सिद्धम् लिपी, गुप्तकालीन ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे नागरीची नातलग. बौद्ध मंत्रांसोबत ती चीनमार्गे जपानला गेली. 804 साली चीनला जाऊन 806 मध्ये परतलेल्या कूकाईचा त्यात मोठा वाटा. फळीवर वरून खाली ख, ह, र, व, अ ही बीजाक्षरं असतात: आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. ‘ह’ वाऱ्याचा. पाच तुकड्यांच्या दगडी स्तूपात त्याचा आकार अर्धचंद्र असतो. वर मण्याचा आकार, खाली त्रिकोण, गोल आणि चौकोन. जपानी उच्चारात ‘ह’चा ‘का’ झाला आहे, म्हणून कानाला ओळख पटत नाही. ही अक्षरं साध्या कुंचल्याने लिहितात तशी चपट्या टोकाच्या कुंचल्यानेही लिहितात, आणि त्या दुसऱ्या प्रकारात आपल्या बोरूसारखी जाड-बारीक रेघ उमटते.

चहाच्या समारंभात वाऱ्याचं कोणतं लेखन कधी टांगतात? (कोल्हापूर)

मे महिन्यापासून ‘कुन्पू मिनामी योरी कितारू’, दक्षिणेकडून येणारा सुगंधी वारा. मूळ ओळ नवव्या शतकातल्या ल्यू गोंगछ्वानची, जो स्वतः नामांकित सुलेखनकार होता. चीनच्या वेनझोंग बादशहाने उन्हाळ्यावर दोन ओळी म्हटल्या, त्या याने पुऱ्या केल्या. भर उन्हाळ्यात ‘सेइफू’ म्हणजे निर्मळ वारा किंवा नुसतं ‘धबधबा’ हे अक्षर. ‘मात्सुकाझे’, पाइनमधला वारा, कधीही चालतं, कारण किटलीतल्या पाण्याच्या आवाजालाही तोच शब्द आहे. ‘आठ वारे सुटले तरी ढळत नाही’ या लेखनालाही ऋतू नाही. ते आठ वारे म्हणजे बौद्ध वाचकांच्या ओळखीचे अष्टलोकधर्म: लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख.

घरी अशी गुंडाळी असेल तर पावसाळ्यात ती भिंतीवर ठेवू नका. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत सावलीत दोन-तीन तास मोकळी करा आणि पुन्हा सैलसर गुंडाळा.

डोंगराखाली वारा असं एक अक्षर चिनी शब्दकोशात ‘डोंगरातलं धुकं’ आणि जपानीत ‘वादळ’ आहे. कोणता अर्थ खरा? (डोंबिवली)

दोन्ही. चिनीत ते ‘लान’, जपानीत ‘आराशी’. लिहिताना फरक नाही, डोंगर रुंद आणि चपटा ठेवायचा, नाहीतर बारा फटकाऱ्यांचं अक्षर उंच होऊन डळमळतं. वाऱ्याच्या चौकटीत ‘थांबणे’ घालून पडलेला वारा (नागी), ‘झाड’ घालून हिवाळी बोचरा वारा (कोगाराशी) आणि ‘कापड’ घालून पतंग (ताको) ही अक्षरं मात्र जपान्यांनी स्वतः घडवली. ती चिनी कोशात शोधून सापडली नाहीत तर कोश सदोष समजू नका, आणि चिनी मित्राला भेट द्यायच्या लेखनात ती वापरू नका.